वरच्या पायरीवरची शिट्टी

ती शिट्टी मला आजही ऐकू येते. पोलीस खात्यात एकतीस वर्षं काढली. खून, दरोडे, दंगली, सगळं हाताळलं. पण निवृत्तीनंतर सोलापुरात कुणी ओळखीचा भेटला की तो शिट्टीचंच विचारतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देत नाही.

शहरातल्या जुन्या मैदानावर फुटबॉलची अंतिम मॅच होती. हे मैदान माझ्या आजोबांच्या वेळचं. पूर्वेला दगडी पायऱ्यांची गॅलरी आहे. तिची सगळ्यात वरची पायरी कंपाउंडच्या भिंतीला लागून, आणि त्या बुटक्या भिंतीपलीकडे खाली रस्ता दिसतो. एक संघ पिवळ्या बनियनचा, दुसरा निळ्या बनियनचा, दोन्ही वेगवेगळ्या वस्त्यांचे. दोन्ही वस्त्यांत आठवडाभर आधीपासून चहाच्या टपऱ्या वेगळ्या होतात, म्हणून बंदोबस्त लागतो. बंदोबस्ताची यादी मी स्वतः करायचो. कोण कुठे उभा राहील, सोबत काय असेल, पाणी कोण आणेल, सगळं क्रमांक घालून.

मैदानावरच्या बंदोबस्ताचा एक नियम आहे. पोलिसाने मैदानाकडे पाठ करायची आणि गर्दीकडे तोंड. त्यामुळे मी त्या मैदानावर पंधरा-वीस मॅचना हजर होतो, पण गोल एकही पाहिला नाही.

पिवळा संघ एक-शून्यने पुढे होता. दोन मिनिटं राहिली होती. निळ्यांचा चेंडू गोलजवळ आला आणि जोरात शिट्टी वाजली. पिवळ्यांचे खेळाडू थांबले. गोलकीपर बुटाची लेस बांधायला खाली वाकला. निळ्यांच्या पोराने चेंडू आत सारला. रेफ्रीने गोल दिला आणि म्हणाला, "मी शिट्टी वाजवलीच नाही."

मग चपला आल्या, खुर्च्या आल्या. मॅच थांबवावी लागली. रात्री आयोजक समितीचा अर्ज आला: अनोळखी इसमाने शिट्टी वाजवून शांतता भंग केली, चौकशी व्हावी. इसम सापडला तर त्याला मैदानात कायमची बंदी, आणि रविवारी मॅच पुन्हा. ठाणे अंमलदाराने मला विचारलं, "साहेब, शिट्टी कुठल्या कलमात बसवू?" मी म्हटलं, "आधी माणूस बसव, मग कलम बघू."

लोकांनी मोबाईलवर काढलेले चौदा व्हिडिओ मी पाहिले. चौदाही व्हिडिओंत शिट्टी ऐकू येत होती. चौदाही व्हिडिओंत कॅमेरा गोलकडे होता.

दुसऱ्या दिवशी खबर आली. खबरी म्हणाला, "वरच्या पायरीवरचा मास्तर. त्याच्याकडं शिट्टी असती."

मास्तरांना सगळं शहर ओळखत होतं. शाळेतून निवृत्त झालेले पीटी शिक्षक, पिवळ्यांचे सर्वांत जुने प्रेक्षक. चाळीस वर्षांत या मैदानावरची एकही मॅच चुकली नाही, एक मिनिटही चुकलं नाही, ही त्यांची ख्याती. मॅच चारला असली तरी ते अडीचला येत. वरच्या पायरीवर, खांबाशेजारी टॉवेल अंथरत. कुणी तिथे बसलेला असला तरी आपोआप उठायचा. कुठल्या साली कुणी कुठल्या पायाने गोल मारला, हे विचारायला पोरं त्यांच्याकडेच जात.

पिवळ्यांच्याच माणसाने पिवळ्यांचं नुकसान का करावं? खबऱ्याकडे उत्तर तयार होतं. "जावई निळ्या वस्तीतला हाय की!"

ठाण्यात दोन पंचांसमोर मास्तरांची पिशवी उघडली. पंचनाम्यात लिहिलं: टॉवेल एक, कडक भाकरी दोन, शेंगाचटणीची पुडी एक, पिवळी टोपी एक, शिट्टी एक. पंचांपैकी एकाने उत्साहाने शिट्टी फुंकून पाहिली. बाहेरच्या ओसरीत दोन शिपाई सावधान झाले. शिट्टी चालू स्थितीत आहे, अशी नोंद केली.

"मास्तर, शिट्टी तुमची?"

"शाळेतली. निरोपाच्या दिवशी पोरांनी दिली. वाजवत नाही, जवळ असते."

"त्या वेळी तुम्ही काय बघत होता?"

"मॅच. दुसरं काय बघणार मी?"

"मग सांगा, निळ्यांनी गोल कुठल्या पायाने मारला?"

मास्तरांनी टेबलाची कड चाचपली. "उजव्या."

व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं की चेंडू गुडघ्याला लागून आत गेला होता. ज्या माणसाला चाळीस वर्षांचे गोल पाठ आहेत, त्याला कालचा सांगता येईना. माझ्या मते माणूस सापडला होता. मास्तरांनाही ते कळलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, दंड करा, दोन दिवस आत बसवा. पण मैदानात येऊ द्या. रविवारी माझी पायरी रिकामी ठेवू नका."

मी कागद पूर्ण करणार होतो. पण तपासाच्या यादीत एक काम राहिलं होतं: मैदानाच्या आत बंदोबस्तावर असलेल्या प्रत्येकाचा जबाब. शेवटचा जबाब पूर्व गॅलरीसमोर उभ्या असलेल्या महिला शिपायाचा. मी विचारलं, "गर्दीत काय दिसलं?"

ती म्हणाली, "तोंडं दिसली सर. सगळ्यांची. फक्त वरच्या पायरीवर एका माणसाची पाठ."

"पाठ?"

"व्हय सर. शेवटची पाच मिनिटं तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. पिवळी टोपी."

मी मास्तरांना पुन्हा आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. पाठीचा उल्लेख करताच त्यांचा चेहरा असा झाला की खुनाचा आरोपीसुद्धा बरा. "शिपाई बाहेर आहेत ना?" त्यांनी विचारलं. मग कबुली दिली.

"पूर्वी एकदा शेवटी बघत होतो, गोल खाल्ला. दुसऱ्यांदा बघितलं, परत खाल्ला. तेव्हापासून पिवळे पुढे असले की शेवटची पाच मिनिटं मी बघत नाही. सगळ्यांचं लक्ष मैदानात असतं, मागे कुणी वळत नाही. नंतर लोकांच्या बोलण्यातून ऐकतो आणि पोरांना सांगतो. साहेब, चाळीस वर्षांची अब्रू आहे हो माझी."

"मग त्या वेळी कुठे बघत होता?"

"रस्त्याकडे."

"काय दिसलं?"

मास्तर माझ्या टोपीकडे बघत राहिले. "राग मानणार नाही ना? शिट्टी तुमच्याच माणसाने वाजवली."

मी भिंतीबाहेरच्या वाहतूक हवालदाराला बोलावलं. करकंबकडचा सरळ गडी. "व्हय साहेब, मीच वाजवली की. रिक्षा उलटी घुसली. लई जोरात वाजवली तवा थांबली."

"मग काल बोलला का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाय. म्या तर भिंतीच्या भायेर."

मी बंदोबस्ताची यादी काढली. क्रमांक चौदा, माझ्याच अक्षरात: 'पूर्व भिंतीबाहेर वाहतूक हवालदार एक. शिट्टी आवश्यक.' 'आवश्यक' खाली दोन रेघा होत्या.

अहवालात मी एवढंच लिहिलं की शिट्टी बंदोबस्तावरील पोलिसाची होती आणि नियोजनातली चूक माझी होती. हवालदाराचा जबाब जोडला. मास्तरांचा जोडायची गरज उरली नाही. पुढचे तीन महिने सात रस्ता चौकात आमची जीप दिसली की कोपऱ्याकोपऱ्यावरून शिट्ट्या वाजत. एकालाही पकडलं नाही. कुठल्या तोंडाने पकडणार?

रविवारी मॅच पुन्हा झाली. मी मुद्दाम पूर्व गॅलरीसमोर उभा राहिलो. पिवळे पुढे होते हे मला शेवटच्या पाच मिनिटांत कळलं. समोर शेकडो तोंडं होती आणि वर एक पाठ.

या तपासाने मला शिकवलं ते असं. बघणाऱ्यांना सगळेच विचारतात, न बघणाऱ्यालाही विचारावं. आणि संशयितांची यादी करताना पहिली ओळ आपल्या ठाण्यासाठी मोकळी सोडावी. पुढे प्रत्येक प्रकरणात मी ती सोडली. दोनदा उपयोगही झाला.

हे लिहिण्याआधी मास्तरांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "आता लिहा. पोरांना कधीचंच कळलंय, मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत." निवृत्तीनंतर मी त्यांच्या शेजारी वरच्या पायरीवर बसतो. टॉवेल त्यांचा, शेंगाचटणी माझी. शेवटची पाच मिनिटं आली की ते टोपी सारखी करून भिंतीकडे वळतात.

"खाली हवालदार आहे का?" मी विचारतो.

"आहे की."

"शिट्टी?"

"त्याच्या खिशात."

मग मी निर्धास्त मैदानाकडे तोंड करतो.