आर्डिथ कुबिचेकचा पास

एल्म फोर्क कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पोहोचला, आणि कॉलेजच्या अध्यक्षांना शोध लागला की आपल्याकडे मुलींचा बास्केटबॉल संघ आहे.

हे १९९५ सालच्या मार्चमधलं. अध्यक्ष डॉ. मेरिल स्टॉडर्ड तोवर मुलांच्या फुटबॉलला जात, थंडी असली तरी जात, आणि संघ हरला तरी पुन्हा जात. फुटबॉल संघ दरवर्षी न चुकता हरायचा. मुलींच्या सामन्यांना मात्र त्यांना कधी सवड झाली नाही. पण आता वर्तमानपत्रात फोटो आला होता, आयोवातली एक टीव्ही वाहिनी सामने दाखवणार होती. अध्यक्षांनी तातडीने एक समिती नेमली.

संघासोबत आत जायला बावीस पास मिळाले. बारा खेळाडू, दोन कोच. उरले आठ. ते अध्यक्ष, त्यांची बायको, डीन, डीनची बायको, जनसंपर्क अधिकारी, विश्वस्त मंडळातले दोघे आणि ट्रॅक्टरचे विक्रेते लायल रेन्केन यांच्यात वाटले गेले. लायलसाहेबांनी संघाला नव्याकोऱ्या जर्सी भेट दिल्या होत्या.

आर्डिथ कुबिचेकचं नाव यादीत नव्हतं. मुळात ती यादीत असावी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आर्डिथ व्यायामशाळेच्या तळघरात कपडे धुवायची. सव्वीस वर्षं. कॉलेजात मुलींचा संघ निघाला तेव्हा पहिल्या जर्सींवर आकडे तिनेच शिवले होते. कुणाच्या गुडघ्याला कोणती पट्टी लागते, कोण सामन्याआधी ओकते, कोण घरी फोन केला की रडते, सगळं तिला ठाऊक. मुली तिला आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून 'मिसेस के' म्हणायच्या. अंगाने आडवी, चष्मा दोरीला बांधलेला, तोंड तिखट.

कोच जोलीन ट्वेट अध्यक्षांकडे भांडायला गेली. "कपडे कोण बघणार, डॉक्टरसाहेब?"

"हॉटेलात धुलाईची सोय आहे," अध्यक्ष म्हणाले. समितीने तेवढी माहिती काढली होती.

जोलीन तळघरात आली ती लाल होऊन. "मी माझा पास तुला देते, आर्डिथ."

"आणि कोचिंग कोण करेल? डीनची बायको?" आर्डिथ टॉवेलांच्या घड्या घालत राहिली. "मी माझी येते गाडी घेऊन. चार दिवस रजा टाकलीय. वर कुठेतरी तिकीट मिळेल."

निघायच्या आदल्या दिवशी लायल रेन्केन स्वतः जुन्या जर्सी ताब्यात घ्यायला खाली आले. टीव्हीवर ही फडकी दिसायला नकोत, असं अध्यक्षांचं म्हणणं.

"नव्यांवर नंबर काय टाकलेत?" आर्डिथने विचारलं.

"ते गुपित आहे! तिथे फोटोग्राफरसमोर खोकं उघडणार. टीव्हीवर बघा तुम्ही."

"जोलीनने तरी बघितलेत का?"

"अहो बाई, तीस वर्षं ट्रॅक्टर विकतोय मी. बारा जर्सी घ्यायला कोच कशाला हवी?"

आर्डिथ 'बरं' म्हणाली. जुन्या जर्सी अजून ओल्या आहेत अशी थाप मारून तिने त्यांना परत पाठवलं. मग बाराच्या बारा इस्त्री केल्या आणि आपल्या गाडीच्या डिक्कीत टाकल्या.

मिझुरीतल्या त्या मोठ्या स्टेडियममध्ये पहिल्या सामन्याच्या तासभर आधी खोकं उघडलं. फोटोग्राफर होता. लायलसाहेब हसत होते. जर्सी चमचमत होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. आणि नंबर होते एक ते बारा, ओळीने.

जोलीनने ते पाहिले आणि त्यातल्या चार जर्सी बाजूला काढल्या.

तेव्हाचा नियम असा: फाउल झाला की पंच हाताच्या बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवणार. एका हातावर एकच आकडा, आणि हाताला बोटं पाच. म्हणून जर्सीवर सहा, सात, आठ, नऊ हे आकडे चालत नाहीत. हे बास्केटबॉलच्या मैदानावरच्या झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. आठ पासवाल्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. चार मुली बाद होत होत्या, आणि त्यात कर्णधार शेली ब्राउवर.

"पंचांशी मी बोलतो," अध्यक्ष म्हणाले.

ते बोलले. पंच म्हणाले, "साहेब, मला सहावं बोट आणून द्या, मग बघू."

जोलीन तोवर मैदानाच्या कडेला उभी राहून गॅलऱ्या न्याहाळत होती. सगळ्यात वरच्या रांगेत आर्डिथ सँडविच खात बसली होती. जोलीनने छातीशी जर्सी ओढल्यासारखी खूण केली: जुन्या आणल्यात? आर्डिथने मान डोलावली, सँडविच संपवलं आणि उठली.

खेळाडूंच्या दरवाज्याशी ती बॅग घेऊन आली तेव्हा पस्तीस मिनिटं उरली होती. दारातला रखवालदार दाराएवढाच रुंद. "पास?"

"नाही."

"मग नाही."

आतून डीन धावत आले. "आणा, आणा ती बॅग इकडे!"

"बॅग माझ्याबरोबर येते," आर्डिथ म्हणाली. "दोघींच्या बगला उसवल्यात, त्या अंगावर चढवून टाचायच्या असतात. तुम्हाला येतं टाचायला?"

डीनना तत्त्वज्ञान येत होतं. ते अध्यक्षांना घेऊन आले. पाठोपाठ लायलसाहेब.

"बाईंना सोडा आत," अध्यक्षांनी फर्मावलं.

"एक पास, एक माणूस," रखवालदार म्हणाला. त्याला अध्यक्ष आणि धोबीण यांतला फरक माहीत नव्हता, आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती.

अध्यक्षांनी लायलकडे बघितलं. लायलने डीनकडे बघितलं. डीननी, बायको आत आहे, एकटी घाबरेल, असं काहीतरी पुटपुटलं.

"मी जर्सी दिल्यात," लायल म्हणाले.

"तेच तर निस्तरायला आलेय मी," आर्डिथ म्हणाली. मग अध्यक्षांच्या गळ्याकडे बोट केलं. "तुमचाच द्या ना, डॉक्टरसाहेब. माझं तिकीट घ्या. वरून फार छान दिसतं. कोण कुठे धावतंय ते सगळं कळतं. पहिल्यांदाच बघताय, तर वरूनच बघा."

सव्वीस वर्षांत ती त्यांच्याशी एवढं लांबलचक कधी बोलली नव्हती. डॉ. स्टॉडर्डनी घड्याळ बघितलं, टीव्हीचा कॅमेरा बघितला, आणि गळ्यातला पास काढला. त्यांची जागा सर्वांत वरच्या रांगेत निघाली, विरुद्ध संघाच्या बँडमध्ये, ढोलाच्या डाव्या बाजूला.

एल्म फोर्क तो सामना अकरा गुणांनी जिंकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष पास मागायला आले.

"धुवायला टाकलाय," आर्डिथ म्हणाली. तो तिच्या गळ्यातच होता.

दुसराही सामना मुलींनी जिंकला. अध्यक्ष पुन्हा वर. या वेळी ढोल नव्हता, ट्रॉम्बोन होता. उपांत्य फेरीत मात्र डाव संपला. दोन गुणांनी मागे असताना शेवटचा फटका शेली ब्राउवरच्या हातात आला. चेंडू बास्केटच्या कड्यावर दोनदा नाचला आणि बाहेर पडला.

लायलसाहेब बाहेर वार्ताहरांना सांगत होते, "नव्या जर्सी असत्या ना, तर मनोबल वेगळं असतं." आत शेली टॉवेलात तोंड खुपसून बसली होती. जोलीनने समजावलं, पोरींनी समजावलं. शेली मान वर करेना.

आर्डिथ शेजारी टेकली. "मी शाळेत चार वर्षं खेळले. आमच्या वेळी मुली सहा-सहा असायच्या. तीन जणींनी बास्केट करायचं, तिघींनी अडवायचं. अडवणारीने मधली रेघ ओलांडायची नाही. मी अडवणारी. चार वर्षांत बास्केटवर एक फटका मारला नाही, मारायची परवानगीच नव्हती."

शेलीने नाक पुसलं. "खरंच, मिसेस के?"

"एक तरी चुकवायला मिळावा म्हणून मी मेले असते, बये. आता ती जर्सी काढ. घाम वाळला की वास जात नाही."

शेली हसली की तिने हुंदका दिला ते कळलं नाही, पण जर्सी काढली.

गावात बंबाच्या गाडीवरून मिरवणूक निघाली. गाडीवर अध्यक्ष, डीन, दोन्ही बायका, विश्वस्त आणि लायल. मुली मागून चालत होत्या. सत्कारात अध्यक्षांनी स्पर्धेचं वर्णन केलं, 'उंचावरून दिसलेलं' म्हणून, आणि कुणीतरी खोकल्यावर "पडद्यामागच्या सर्वांचे" आभार मानले. कार्यक्रमानंतर ते आर्डिथपाशी आले. "कॉलेजने तुमच्यासाठी काय करावं, आर्डिथ?"

"टॉवेलांना दुसरा ड्रायर," ती म्हणाली. "पहिला बहात्तर सालचा आहे."

समिती नेमली. समितीने दोन वर्षं विचार केला. तिसऱ्या वर्षी ड्रायर आला. त्याच्या दारावर पितळी पाटी होती: 'लायल रेन्केन यांच्या औदार्याने.' पाटीच्या वजनाने दार नीट लागत नसे. आर्डिथ नोकरीवर होती तोवर, म्हणजे आणखी सात वर्षं, दिवसातून आठ-दहा वेळा त्या पाटीवर कुल्ल्याचा दणका देऊन ते बंद करायची. नव्या मुलींनी स्क्रू काढून टाकूया म्हटलं, तर ती म्हणाली, "राहू दे. चांगली सोय केलीय त्यांनी."