ब्लॉगची नऊ वर्षं आणि सासूबाईंची मतं

ब्लॉगला नऊ वर्षं झाली, त्या दिवशी आमच्या घरातल्या माणसांनी तो पहिल्यांदा वाचला. नऊ वर्षं मी वऱ्हाडातल्या मालेगावच्या या घरात बसून वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहिते आहे. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचायला त्याला वेळ मिळतो, बायकोचं लिहिलेलं वाचायला मिळत नाही. पुण्यात नोकरी करणारा दीर तर ‘वहिनीचा टाइमपास’ म्हणून मोकळा. बरं, नका वाचू, माझं काही अडलं नव्हतं. पण पहिल्यांदा वाचलं तेही भांडायला, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

झालं असं, की त्या दिवशीच्या लेखात मी एक कबुली दिली होती. दुपारी जेवणं आटोपली की मी आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ओसरीत बसतो. त्या पुढ्यात ताट घेऊन गहू नाहीतर डाळ निवडतात, मी तालुक्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक मोठ्यानं वाचते. त्यांना अक्षर ओळखता येत नाही. केनवडला त्यांच्या माहेरी भाऊ शाळेत गेले आणि त्या वावरात. पण ऐकता ऐकता त्या बोलत जातात. एका कादंबरीतली बाई नवरा गेल्यावर चार पानं रडते, तेव्हा आई म्हणाल्या, “रडू दे, पन घरातल्या म्हशीले चारा कोन टाकून राह्यलं? ह्या लिहिनाऱ्यानं घरातलं मरन पाह्यलं नाई.” मी ते उचललं, त्याला जरा इस्त्री केली आणि लिहिलं की या लेखकाचं दुःख रोजच्या कामापासून तुटलेलं आहे. वाचणारे खूश. तुमची नजर किती वेगळी आहे, म्हणाले. माझी कसली डोंबलाची नजर.

नऊ वर्षांनी मन खायला लागलं. म्हणून लिहून टाकलं, की इथली जी मतं तुम्हाला आवडली त्यांतली निम्मी माझ्या सासूबाईंची आहेत, आणि त्यांना लिहितावाचता येत नाही.

चुलत नणंदेनं कौतुकानं तो लेख घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात दिराचा फोन आला. नवरा चहाला घरी आला होता, त्यानं फोन स्पीकरवर ठेवला.

“वहिनी, आई अंगठाछाप हाय हे साऱ्या दुनियेले सांगाची काय गरज होती? माह्या ऑफिसातले लोकं काय म्हनतीन?”

“तुमच्या ऑफिसातल्या लोकाईनं आईले पाह्यलं तरी हाय काय?” मी म्हणाले. “तुमी कधी नेलं त्याईले पुन्याले?”

“तो इषय नाई. लेख काढून टाका.”

“नाई काढत.”

नवरा बशीत चहा ओतत म्हणाला, “काढून टाक ना. कायले कटकट वाढवून राह्यली?”

कटकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं, तर त्याचं नाव कटकट. मग माझी जीभ सुटली. दोन्ही भावांना मी एकदमच धारेवर धरलं. तुम्ही पदव्या घेतल्या, मोटारसायकली घेतल्या, पण आईला एकदा पाटी आणून द्यावी, बाराखडी शिकवावी, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि आता तिच्या अंगठ्याची लाज वाटते का? माझ्याही डोक्यात ते कधी आलं नव्हतं. पण भांडताना असल्या गोष्टी कुणाला आठवतात.

आई ओसरीतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. “काय लिहिलं व तू माह्याबद्दल? वाच पाहू.”

मी वाचला. चांगला आवाज लावून वाचला, कारण आता त्या या दोघांची जिरवतील अशी माझी खात्री होती. वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

“म्हंजे नऊ वर्सं मी इथं बसून जे बोलली, ते तू तुह्या नावानं लोकाईले सांगून राह्यली?”

“आई, म्हनूनच त आता—”

“आता. आंधी काहून नाई? मी समजत होती, तू मोबाइलवर बोटं चालवते त तुह्या मायसंग बोलत असशीन.” त्यांचा आवाज चढला. “श्रावनात पोथी लावते तवा एक वाचनारा असते अन् एक अर्थ सांगनारा असते. समाप्तीले नारळ दोघाईले भेटते. वाचनाऱ्यानंच दोन्ही नारळ घरी नेले, असं कोन्या गावात पाह्यलं तू?”

फोनमधून दीर म्हणाला, “बरोबर बोलली आई. वहिनी, काढा तो लेख.”

“तू गप राह्य,” आई म्हणाल्या. “तुले माही लाज वाटते, अन् हिनं माही चोरी केली. तुमी सारे सारखेच.”

मला आधी लाज वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला रागच आला. रोज घसा कोरडा करून वाचायचं आणि वर चोर म्हणवून घ्यायचं. पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

“काढू का मग?” मी विचारलं.

“काढू नोको. पयल्यापासून वाच. माहं कोनतं अन् तुहं कोनतं, मले पाहू दे.”

मी सगळ्यात जुन्या लेखांपासून सुरुवात केली. तिसरा लेख एका कथेवर होता. त्यातली सून सासरचं घर सोडून निघून जाते. ‘तिचा निर्णय समजण्यासारखा आहे,’ असं मी लिहिलं होतं.

“मी असं नव्हतं म्हनलं,” आई म्हणाल्या.

मला आठवत होतं. त्या काय म्हणाल्या होत्या ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. घरातली गोष्ट बाहेर कशाला, म्हणून मीच ते गाळलं होतं.

“मी म्हनलं होतं, गेली ते बरं झालं. मलेई जाचं होतं. दोन पोरं लहान होती म्हनून राह्यली.”

त्यांतला एक पोरगा समोर कप घेऊन बसला होता, दुसरा फोनवर होता.

“ते लिही आता,” आई म्हणाल्या.