पोटातला फुगा, सहा महिने

"काकू, या वजनावर मी तुमच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करणार नाही," पुण्याचे हाडांचे डॉक्टर म्हणाले. मी समजत होते, आजार गुडघ्यांचा आहे. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'ओबेसिटी', म्हणजे लठ्ठपणा. माझं वय बासष्ट, वजन एकशे सहा किलो. गावी, दिंद्रुडला, आमचं किराणा दुकान. घरातून दुकानात यायचं तरी मी भिंत धरून यायची.

त्यांनी पोटाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. बाईंनी गॅस्ट्रिक बलून सुचवला. एन्डोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, जठरात फुगा ठेवायचा, त्यात सलाईन भरायचं आणि सहा महिन्यांनी काढायचा. कापाकापी नाही. "फुगा भूक कमी करील. सवय तुम्हालाच बदलावी लागेल," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "भूक लागली म्हणून जेवता, की उरलंय म्हणून?"

भगुण्यातलं उरलेलं मला कधी टाकवलं नाही.

रक्त, ईसीजी, सोनोग्राफी. दोन दिवस बाकड्यावर गेले. फुगा बसायला अर्धा तासही लागला नाही.

पुढचे दिवस कठीण. पुण्यात नणंदेकडे उतरलो होतो. पाण्याचा घोटही उलटायचा. फोडणीचा वास आला की मी गॅलरीत जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी आमच्या यांनी एसटीडी बूथवरून डॉक्टरबाईंना फोन केला, "लई हाल व्हायलेत हिचे. काढून टाका ते."

बाईंनी लगेच बोलावलं, सलाईन लावलं. म्हणाल्या, "काकूंनी ठरवायचं."

हे म्हणाले, "चल गावाकडं. दुखले गुडघे तर दुखू दे. मी हाय ना."

"तुमी कुठवर धरून चालवताव मला? दोन दिस बघू अजून," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी ताक पोटात राहिलं. मग पेज, मग वाटीभर वरणभात. सहा महिन्यांत पंधरा किलो उतरले. फुगा काढल्यावर दोन परत आले. घाबरले, पण संध्याकाळचं चालणं सोडलं नाही. गुडघ्यांचं दुखणं कमी झालेलं बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची आता घाई नाही."

माझ्या वयाच्या बायांनो, हा उपाय सगळ्यांना चालतो असं नाही. पण वय झालं म्हणून डॉक्टरांना विचारायचं सोडू नका.

परवा भाचीकडे धर्मापुरीला गेले. एसटीच्या पायऱ्या दांडी धरून एकटी चढले. कंडक्टरने माझ्याकडे बघितलंही नाही, घंटी दिली.