चूल निवल्यावरचा रेडिओ

त्रिशलाकाकूंचं रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकलेलं असे. जैनाघरची रीतच ती. शेजारणी चुली फुंकायला बसत तेव्हा काकूंची चूल निवलेली असे, आणि सांगलीच्या हळदपेठेमागच्या माडीवर रेडिओजवळचा एक तास त्यांचा स्वतःचा असे. दूरची स्टेशनं लागतातही नेमकी दिवस बुडताना. काटा हळूहळू सरकवायचा, खरखर ओलांडायची, मग कुठल्याशा मुलखातली बाई कुठल्याशा भाषेत बोलू लागे. काकूंना एक शब्द कळत नसे. तेच तर सुख! दिवसभर कळणारंच ऐकायचं: हे आण, ते वाढ. ही बाई निदान काही मागत नव्हती.

नवरा कल्लाप्पा मात्र मिरवणारा. बेचाळीस साली सिंगापूर पडलं आणि आपल्या घरात रेडिओ आहे याचा त्याला साक्षात्कार झाला. रोज संध्याकाळी माडीवर पाचदहा टाळकी. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, आणि वर "चहा टाक गं!" निवलेली चूल पुन्हा पेटवायची, तीही असल्यांसाठी! कल्लाप्पा पेटीला कान लावी, मान डोलावी आणि सांगे, "जपान मागं हटला." इंग्रजी त्याला सहीपुरतं येई, बाकीच्या भाषांचं तर बोलायलाच नको.

वर्षभरानं तासगावकडची अंजना आली. नवरा अर्जुना पलटणीबरोबर सिंगापुरात. सिंगापूर पडल्यापासून पत्र नाही. कैद्यांची नावं रेडिओवर सांगतात, असं कुणीतरी तिला सांगितलेलं. सोबत सासरा आकाराम, हातात तुपाचं गाडगं.

"शेट, ऐका की जरा," म्हातारा म्हणाला. "घरात हिच्या बांगड्या फोडा म्हणत्यात. मी म्हनलं, आदी खात्री करू."

कल्लाप्पानं काटा फिरवला. काकूंची रोजचीच बाई लागली. तो एकदम ओरडला, "आलं! अर्जुना आकाराम! जिता आहे!"

अंजनानं त्याचे पाय धरले. तो खुशाल धरू देत होता, आणि एक डोळा गाडग्यावर. काकूंच्या अंगावर शिसारी आली. याच माणसाच्या ताटात आपण वीस वर्षं वाढलं!

"ह्यांना काही कळत नाही," काकू म्हणाल्या. "ती बाई भात कसा रांधावा सांगत असेल, नाहीतर काय."

"आत जा तू!" कल्लाप्पा खेकसला.

अंजनानं डोळे पुसले. "काकू, तुमास्नी कळली व्हय ती बोली?"

"नाही."

"मग नाव न्हवतंच, हे कशावरनं?"

काकूंनी रेडिओकडे पाहिलं. बाई बोलतच होती.

"लोक म्हणत्यात, तुमी रोज ऐकता. नाव ध्यानात ठिवा. अर्जुना. तवर मी बांगड्या न्हाई काढायची."

काकूंनी गाडगं उचलून आकारामच्या हातात परत दिलं. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य टेकला, काकू रेडिओपाशी बसल्या. तीच बाई, तोच आवाज. पण आता प्रत्येक शब्दाला कान टवकारायचे, प्रत्येक 'अ'ला काळजात धस्स व्हायचं. सुख संपलं. खालून टाळकी वर चढत होती.

"चहा टाक गं!"

"चूल निवलीय," काट्यावरचं बोट न काढता काकू म्हणाल्या. "आणि तोंडं बंद ठेवा सगळ्यांनी. नावं असतील."