परक्या फांदीवरचा हळद्या

त्या वर्षी मी कायम दमलेलाच असायचो. दिवसभर परदेशातल्या एका शिपयार्डात जहाजांची इंजिनं उघडायची आणि संध्याकाळी यिशुन उपनगरातल्या फ्लॅटवर येऊन एका कानडी लेखकाचं पुस्तक मराठीत आणायला बसायचं. धारवाडला शिकल्यामुळे कानडी येत होतं, पण ही नसती हौस कुणी सांगितली होती?

लेखक म्हातारे होते. मलनाडात कॉफीच्या मळ्यात राहायचे, पक्षी बघायचे आणि बघितलं तेवढंच लिहायचे. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती: पक्षी स्वतः बघितल्याशिवाय त्याच्याविषयी एक ओळही मराठीत लिहायची नाही. म्हणजे सुटीच्या दिवशी झोप सोडून दुर्बीण घेऊन हिंडणं आलं. बायको म्हणायची, "ते तिकडे निवांत बसलेत आणि तुम्ही इकडे राबताय." मलाही ते पटायचं.

हळद्या आमच्या ब्लॉकखालच्या झाडावरच दिसला. पिवळाधमक, आणि डोळ्यापासची काळी पट्टी थेट मानेमागून फिरलेली. पुस्तकात मात्र पट्टी डोळ्यामागेच संपत होती. म्हाताऱ्याची नजर अधू झाली असणार, असं मी ठरवलं आणि वाक्य परस्पर सुधारून टाकलं. इथला हळद्या वेगळ्या जातीचा, हे मला ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारण्याइतकं त्राणही नव्हतं. बाड लेखकांच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. शेजारच्या मळ्यात बेळगावची सून होती, तिनं त्यांना हळद्याचं प्रकरण वाचून दाखवलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही बघितलात तो पक्षी खरा आहे, पण तो माझ्या फणसावर येत नाही. तेवढं वाक्य बदला आणि छापायला द्या. बाकीचं मी वाचून घेतलेलं नाही. तुम्ही केलंय, ते नीटच असणार."

मला फार लाज वाटली. चिडून परवानगी काढून घेतली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं. कारण असला शहाणपणा मी आणखी बऱ्याच ठिकाणी केला होता, आणि कुठे कुठे ते आता मलाही आठवत नव्हतं.

माझ्याकडची प्रत काढून मी पहिल्या पानापासून मूळ पुस्तकाशी ताडायला बसलो. पाठ दुखत होती.

"एकच वाक्य बदलायला सांगितलंय ना?" बायको म्हणाली. "बाकीचं ते कुठे वाचणार आहेत?"

"नाही वाचणार," मी म्हटलं. "म्हणूनच बसलोय."