बाच्या पाठीचा व्यायाम

कॉलेजात जाणारा मी आमच्या घरातला पहिलाच. तिथे मी काय शिकतो, हे मला घरी कधी नीट सांगता आलं नाही. उरणजवळच्या आमच्या गावात शेती आणि मिठागर एवढंच होतं. तर्कशास्त्र म्हणजे काय, ते मी कोणाला सांगणार? सांगता येण्यासारखी एकच गोष्ट मी शिकलो होतो, आणि तीही वर्गात नव्हे, व्यायामाच्या हॉलमध्ये.

तिथले शिक्षक नवख्या मुलांना जोर-बैठका देत नसत. उघड्या फरशीवर उताणं झोपवत. गुडघे उभे, पावलं टेकलेली, आणि कंबर जमिनीला अशी लागलेली की मधे बोट शिरू नये. मग श्वास सोडत बेंबी आत ओढायची आणि पोट तसंच धरून एक पाय सावकाश उचलायचा. पोटावर पाण्याची वाटी ठेवायची. पाणी सांडलं तर कंबर हलली असं समजायचं. पाठीला आधार पोटाचा असतो, असं ते सांगत. ते ऐकताना मला बाची आठवण होई.

बा म्हणजे माझे वडील. त्या वर्षी भाताचे भारे खळ्यावर आणताना बाची कंबर धरली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहत होता. दिवाळी सरली की मिठागराचं काम सुरू व्हायचं. पावसाने फुटलेले बांध आधी चिखलाने भरायचे, आणि चिखलाची टोपली दांड्याला अडकवून दोघांनी वाहायची. पहिल्या दिवशी बांधावर नारळ फुटे. त्या वेळी जी जोडी उभी असेल तीच पुढच्या पावसापर्यंत. मधे बदलली तर बांध फुटतो, असं सगळे मानत. मुकादमाने बाची जागा नारळाच्या दिवसापर्यंत धरून ठेवली होती. बा त्या सकाळी उभा राहिला नाही, तर वर्षाचं काम जाणार होतं.

मी भीत भीतच त्याला व्यायामाचं सांगितलं. शेजारची मोठी काकी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "श्वास घ्याला बी कालेजात शिकवतात काय रं?" बा हसला नाही. तो भुईवर आडवा झाला.

पहिले काही दिवस त्याचा पाय वीतभरही उचलेना. तो श्वास कोंडून धरी, आणि मी सोड, सोड म्हणत राही. मग हळूहळू जमू लागलं. भिंत सोडून तो परसात जाऊन आला, त्या दिवशी आईने त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला.

नारळाच्या दिवशी, निघण्याआधी एकदा व्यायाम करून घ्यावा, असं बालाच वाटलं. आईने नुकतीच भुई सारवली होती. खोलीत एका बाजूला जातं, दुसऱ्या बाजूला भाताच्या कणग्या. मधे झोपायचं तर पाय दक्षिणेलाच येत. व्यायाम संपवून बा पाय लांब करून, डोळे मिटून विसावा घेत होता. मी उशाशी बसलो होतो, हातात त्याच्या पोटावरून उतरवलेली पाण्याची वाटी होती. हवा यावी म्हणून दार उघडं ठेवलं होतं.

तेवढ्यात काकी मुसळ परत द्यायला दारात आली. सारवलेली भुई, दक्षिणेकडे पाय, उशाशी लेक, लेकाच्या हातात पाणी. आमच्याकडे माणसाला असं भुईवर कधी घेतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती आत आलीच नाही. मुसळ ओट्यावर टाकून ती रडत वाडीत गेली.

माणसं गोळा झाली. बा उठून बसला तेव्हा कोणी म्हणालं, "मडं उठून बसलंय, त्याला च्या द्या." सगळे हसले, काकीही डोळे पुसत हसली. पण तोवर मिठागराकडे निघालेल्या माणसांबरोबर बातमी पुढे गेली होती.

बा भराभर निघाला. मी त्याच्या मागे होतो. बांधावर पोचलो तेव्हा खोबरं वाटून झालं होतं. बाचा जुना जोडीदार दुसऱ्या माणसाबरोबर टोपली वाहत होता. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली.

मुकादम वाईट माणूस नव्हता. तो बाजवळ येऊन म्हणाला, "तुला भुईवर घेतलाय, असं सांगत आले रं सगले. मी थांबलो व्हतो. पन आता नारल फुटला."

"व्हय," बा म्हणाला.

आम्ही परत फिरलो. बा पुढे, अरुंद बांधावरून. त्याचा हात एकदाही कंबरेला गेला नाही. घराजवळ आल्यावर तो थांबला. "पाठ बरी हाय, पोरा. काम न्हाय."

सुट्टी संपून मला मोऱ्याच्या बंदरातून परतीची लाँच धरायची होती, त्या सकाळी तो पुन्हा भुईवर आडवा होता. आईने आता दार लावून घेतलं होतं. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी वाकून त्याच्या पाया पडलो. त्याने पाय उचलून धरला होता, आणि पोटावरच्या वाटीतलं पाणी हलत नव्हतं.