फिल्म माझीच होती, तारीख माझी नव्हती

सीटी स्कॅनचा अहवाल डॉक्टरबाईंनी आधी स्वतः दोनदा वाचला, मग पडद्यावरचं चित्र माझ्याकडे वळवलं.

"तुमच्या मीडियास्टिनममध्ये गाठ आहे," त्या म्हणाल्या. "सहा पूर्णांक आठ बाय पाच पूर्णांक दोन सेंटिमीटर."

आकडे मी खिशातल्या वहीत लगेच उतरवले. मीडियास्टिनम हा शब्द काही लिहिता येईना. तो त्यांनीच वहीत लिहून दिला.

माझ्याबरोबर त्या दिवशी बळीराम होता. आम्ही दोघे कोन गावचे, पहिलीपासून एका बाकावरचे. दापोड्याच्या एकाच गोदामात कामाला. मी मालाची मोजदाद बघतो, तो कामगारांची हजेरी आणि त्यांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद. ठाण्याच्या रुग्णालयापर्यंत त्यानेच गाडीतून आणलं होतं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळं लिहितोय, त्यामुळे त्याचा भागही गाळता येत नाही.

छाती म्हटलं की आपण फुप्फुसं आणि हृदय एवढंच धरतो. पण दोन फुप्फुसांच्या मधे एक वेगळी जागा असते. पुढे छातीचं हाड, मागे पाठीचा कणा, वर गळ्याचा तळ, खाली श्वासाचा पडदा. हीच मीडियास्टिनम. हृदय या जागेत बसतं. महाधमनी इथूनच निघते. डोकं आणि हात यांतलं रक्त परत आणणारी मोठी शीर, म्हणजे सुपीरियर व्हेना कावा, इथून उतरते. श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या आणि आवाज सांभाळणाऱ्या नसा, सगळं याच जागेत. आणि सर्वांत पुढे, हाडाला लागून, थायमस नावाची ग्रंथी. लहानपणी ती मोठी असते, वयानुसार सुकत जाते. माझी गाठ तिथे होती.

मी विचारलं, रिकामी जागा किती असते? डॉक्टरबाई म्हणाल्या, जवळजवळ नाहीच. म्हणजे तिथे काही वाढलं की ते कुणाला तरी दाबणारच. माझ्यात ते मोठ्या शिरेला दाबत होतं.

चार महिने हेच चाललं होतं आणि मला कळलं नव्हतं. सकाळी उठलो की चेहरा सुजलेला, दुपारपर्यंत उतरायचा. आडवं झालं की कोरडा खोकला. शर्टाचं वरचं बटण लागेना, पण वजन मात्र ७१.४ वरून ६६.२ वर आलेलं. वजन उतरतंय आणि गळा जाडावतोय, हा हिशेब जुळत नव्हता. तरी मी गोदामाच्या धुळीवर ढकलत राहिलो. बायको, सुनंदा, रोज सांगत होती, दाखवून या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, छातीची जुनी फिल्म आहे का? मला त्या परिस्थितीतही बरं वाटलं. मी सगळं फाइलला लावून ठेवणारा माणूस. कामावर दरवर्षी तपासणी होते, तिचे तीन वर्षांचे तीन लिफाफे माझ्या पिशवीत होते. त्यांनी सर्वांत अलीकडची, आठ महिन्यांपूर्वीची फिल्म दिव्यावर लावली.

"इथे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आठ महिन्यांत शून्यापासून इथवर. फार वेगाने वाढलीय."

मग त्यांनी समजावलं. या जागी हळू वाढणारी गाठ बहुतेक थायमोमा असते, थायमस ग्रंथीचीच. ती शस्त्रक्रियेने काढतात. झपाट्याने वाढणारी लिम्फोमा असू शकते, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचा कर्करोग. तिथे सुरी नाही, केमोथेरपी. माझं काय होणार ते सारं यावर ठरणार होतं.

हे ऐकताना बळीराम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. गाडीची किल्ली बोटांत फिरवत होता.

नंतर बायॉप्सी झाली. सीटीमध्ये बघत छातीत सुई घालून गाठीचा तुकडा काढतात. दुखत नाही, पण सुई कुठे चाललीय ते कळतं. अहवालाला सहा दिवस लागले. रोज बळीरामचा फोन. एकदा घरी बोंबिलाचं कालवण देऊन गेला. सहाव्या दिवशी अहवाल आला: तुकडा लहान आहे, लिम्फोमाची शक्यता जास्त दिसते, थायमोमा नाहीच असं सांगता येत नाही, रुग्णाच्या आधीच्या तपासण्यांशी ताडून पाहावं. ताडून पाहायला एकच गोष्ट होती, ती स्वच्छ फिल्म. पुढच्या सोमवारी केमोचा पहिला डोस ठरला.

शनिवारी दुपारी मी घरी टेबलाशी बसून डॉक्टरांसाठी तक्ता करत होतो. वर्ष, वजन, नाडी, रक्तदाब. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षानंतरचे लिफाफे मी कधी उघडलेच नव्हते, तसेच फाइलला लावले होते. तक्ता भरला आणि थांबलो. वजन ७१.४, ७१.४, ७१.४. नाडी ७८, ७८, ७८. तिन्ही वर्षं.

तिन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. तिन्हींत गळ्याच्या डाव्या बाजूला एक बारीक पांढरी खूण, साखळीची कडी. पहिल्या वर्षी तपासणीची गाडी गोदामावर आली तेव्हा साखळी काढायला मी विसरलो होतो. त्याच वर्षी ती मोडून मुलीच्या लग्नात तिचं मंगळसूत्र केलं. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी माझ्या गळ्यात साखळीच नव्हती.

फिल्म माझीच होती. फक्त पहिल्या वर्षीची, एकच, वर तारखा बदललेल्या. म्हणजे गाठ आठ महिन्यांत नव्हे, अडीच-पावणेतीन वर्षांत हळूहळू वाढलेली असू शकत होती.

तपासणीची गाडी पुन्हा आली नव्हती, हे मला ठाऊक होतं. बळीराम म्हणाला होता, तुझी जुनीच चालते, सही कर. 'एक्स-रे घेतला' या ओळीखाली दोन वर्षं मी सही केली आणि विसरून गेलो; डॉक्टरबाईंनी फिल्म दिव्यावर लावली तेव्हाही ते आठवलं नाही. ट्रकमधला एक खोका कमी असला तरी पुन्हा मोजायला लावणारा मी. ती सही माझी आहे, हे नाकारत नाही.

संध्याकाळी बळीराम आला. सुनंदाने पाणी दिलं. मी तिन्ही फिल्म त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने त्या उचलल्याही नाहीत.

त्याने सांगितलं, पहिल्या तपासणीत चार जण अनफिट निघाले होते, आधी लूमवर काम केलेले, छातीत सुताची धूळ बसलेले. आठवड्यात चौघांना काढून टाकलं. म्हणून पुढच्या वर्षीपासून त्याने एका लॅबवाल्याला धरून रस्ता काढला. एक स्वच्छ फिल्म घ्यायची, नाव-तारीख बदलायची, सगळ्यांच्या लिफाफ्यात घालायची. सत्तावीस माणसं. सगळ्यांत साफ माझी होती.

"चौघांना गेटपर्यंत सोडाया मीच गेलेलू," तो म्हणाला. "पुन्हा तसा नको व्हता."

"ते समजलं," मी म्हणालो. "डॉक्टर माझ्यासमोर म्हणाल्या, आठ महिन्यांपूर्वी इथे काही नव्हतं. तेव्हा तू तिथे होतास."

तो म्हणाला, "वाटला, सुईत कलंलच. मंग माजा नाव कशाला."

"अन् न्हाय कळलं तर, भाऊजी?" सुनंदाने विचारलं. ती आयुष्यात त्याच्याशी इतक्या हळू बोलली नव्हती.

मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, फिल्म खरी केव्हाची हे ज्याने बदललं त्याच्या तोंडून आणि लॅबच्या मूळ नोंदीसह हवं. नुसत्या साखळीवर पुढचा उपचार ठरवणार नाही. रविवार गेला. बळीरामचा फोन बंद. त्या एका दिवसात मला गाठीची भीती कमी आणि त्याच्या बंद फोनची चीड जास्त होती. गाठीशी माझी ओळख नव्हती. त्याच्याशी एकेचाळीस वर्षांची होती.

सोमवारी सुनंदा आणि मी रिक्षाने निघून बसने ठाण्याला पोचलो. केमोच्या वॉर्डाबाहेर बळीराम आधीच उभा होता, हातात लॅबच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो. डॉक्टरबाईंसमोर त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता.

त्यांनी पान पाहिलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इथेच बसला होतात ना?"

तो म्हणाला, हो.

त्यांनी लगेच माझा डोस थांबवला. बायॉप्सीचा तुकडा दुसऱ्या तज्ज्ञाकडे वेगळ्या रंगांनी तपासायला पाठवला. आठव्या दिवशी उत्तर आलं: थायमोमा. या गाठीत कोवळ्या लिम्फ पेशी इतक्या भरलेल्या असतात की लहान तुकड्यात ती लिम्फोमासारखी भासू शकते, असं त्यांनी समजावलं.

शस्त्रक्रिया पाच तास वीस मिनिटं चालली. छातीचं हाड मधोमध उभं कापतात, याला स्टर्नोटॉमी म्हणतात. नंतर ते तारेने शिवतात. गाठ मोठ्या शिरेला चिकटली होती, पण आत घुसली नव्हती. श्वासाच्या पडद्याची नस वाचली. आवाज वाचला. आवरणाबाहेर गाठ थोडी सरकली होती, म्हणून पुढे पंचवीस वेळा रेडिएशन. आता सकाळी चेहरा सुजत नाही. वजन ६८.९.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. लिफाफा उघडा. फिल्मवरचं नाव आणि तारीख स्वतः बघा. आणि ती कधी, कुठे काढली ते आठवत नसेल तर ती तुमची समजू नका.

डॉक्टरबाईंचे, सुईवाल्यांचे, छाती शिवणाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. बळीरामला माफ केलंस का, असं गावात विचारतात. नाही केलं. तो शेवटी खरं बोलला, पण माझ्या शेजारी बसून तो गप्प राहिला होता, आणि त्या खुर्चीपर्यंत मला त्यानेच आणलं होतं. कंपनीला मी कळवलं नाही. ते बरोबर की चूक, अजून ठरवता येत नाही. पण एक अट घातली. उरलेल्या सव्वीस जणांच्या दारात जाऊन, तुझ्या लिफाफ्यातली छाती तुझी नाही, हे त्याने स्वतः सांगायचं. दापोडे, वळ, कोन, तो सगळीकडे गेला. काहींनी शिव्या दिल्या, एकाने दार लावून घेतलं, असं कळलं.

मागच्या रविवारी त्यांतले एक इस्माईलभाई घरी आले. वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. सरकारी दवाखान्यात स्वतः फिल्म काढून घेतली होती.

"ये मेरी है," ते म्हणाले. "खराब है, पर मेरी है. दवा चालू की है. बीचवाला देखो, तुम्हारे जैसा तो नहीं?"

मी आधी नाव वाचलं, मग तारीख. फिल्म खिडकीशी धरली. दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते, धुळीचे. मधली पांढरी सावली अरुंद होती, दोन्ही कडा सरळ.

"बीच में ठीक दिखता है," मी म्हणालो. "पर मैं डॉक्टर नहीं, उनसे पूछ लो."

ते हसले. फिल्म परत लिफाफ्यात घातली, लिफाफा काखेत धरला आणि म्हणाले, चाय पिलाओ. सुनंदा आधीच उठली होती.